आनंदराव कंडक्टरचा हिपाप

साकोली डेपोचे कंडक्टर आनंदराव यांना गाता येत नव्हतं. गळा मुळातच घोगरा, आणि दिवसभर "चला, पुढं सरका जी" करून तो आणखी बसलेला. पण ऐकणारा म्हणून असा माणूस आसपासच्या दहा-वीस गावांत दुसरा नव्हता. भीमगीतांचा कार्यक्रम असो, कव्वालीचा सामना असो, दंडारीचा खेळ असो, ड्यूटी नसली की आनंदराव सायकल काढून निघालेच. पुढच्या रांगेत मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे, आणि एखादी ओळ नेमकी बसली की गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, "वा! काय मारली!" लाखांदूरच्या एका शाहिराने तर एकदा मंचावरून विचारलं होतं, "कंडक्टर साहेब आले का? आले असन त सुरू करू."

सुरांचं त्यांना फारसं कळत नसे. त्यांना वेड होतं बोलांचं. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने कसा झेलला, यमक कुठे आणून आदळलं, समोरच्याची जिरवताना त्याच्याच तोंडचा शब्द कसा उलटवला, हे ते दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर भय्याजींना साकोलीपासून लाखनीपर्यंत सांगत बसायचे. भय्याजी मान हलवायचे. इंजिनाच्या आवाजात त्यांना निम्मं ऐकू येत नसे, पण माणूस खुशीत आहे एवढं समजत असे.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात त्यांचा मेहुणा गुलाब सुट्टीवर आला. गुलाब मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि उरलेले दोन बहिणीच्या घरी. त्या खेपेला त्याने भाऊजींसाठी एक टेप आणला होता, आणि त्यासोबत एकच कॅसेट. तिच्यावर ना चित्र ना नाव, नुसती निळी रेघ.

मंगलाबाई अंगणात बाजेवर मूगवड्या टाकत होत्या. गुलाबने टेप ओट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. आधी नुसता ठेका आला. ढम्, टॅक. ढम्-ढम्, टॅक. मग एक माणूस बोलायला लागला. गायला नाही, बोलायलाच लागला. भरभर, ठेक्यावर पाय देत, आणि दर ओळीच्या शेवटी शेपटाला शेपूट जुळवत.

आनंदरावांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. एक शब्द कळत नव्हता, पण अंगावर काटा आला होता.

"गुलाब, हा गाऊन नाही रायला. बोलून रायला."

"हो भाऊजी. तिकडं याले हिप हॉप म्हनतेत."

"काय म्हनतेत?"

"हिप हॉप."

"हिपाप," आनंदराव म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द तसाच कायमचा बसला. "कोन हाय हा मानूस?"

गुलाबला नाव ठाऊक नव्हतं. न्यूयॉर्कच्या बंदरात जहाज लागलं होतं तेव्हा माल उतरवणाऱ्या एका पोराच्या खांद्यावर ट्रंकेएवढा टेप होता. त्याच्याकडून गुलाबने उतरवून घेतलं होतं. "काळे लोक हायेत ते, भाऊजी. त्यायच्या बापजाद्याले गुलाम करून आनलं होतं तिकडं. आता गल्लीत उभे राहून असे बोलतेत."

वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा आनंदराव बारा वर्षांचे होते. घरातल्या भिंतीवरचे देव उतरले आणि त्या जागी गाणी आली, असं ते नेहमी सांगत.

"म्हनजे आपल्यासारखेच," ते म्हणाले. "आनखी एकदा लाव."

त्या दिवशी ती कॅसेट सहा वेळा वाजली. मंगलाबाई वड्यांचं सूप घेऊन आत जाता जाता म्हणाल्या, "गुलाब, तू मह्या नवऱ्याले भूत आनून देल्लं."

पुढे आठ दिवस आनंदराव अस्वस्थ होते. माणूस काय बोलतो हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांच्या गाडीने रोज साकोलीहून लाखनीला जाणारे केशवराव सर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. रविवारी आनंदराव टेप पिशवीत घालून त्यांच्या घरी हजर झाले. सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "हे गाणं नाही, आनंदराव. बडबड आहे ही."

"बडबडच हाय सर. पन काय बडबड हाय?"

सर भले माणूस. टेपला कान लावून बसले, मागे-पुढे करून ऐकलं, वही घेतली. तासाभराने म्हणाले, "पुष्कळ शब्द काही लागत नाहीत बुवा. पण एक गोष्ट आहे. हा सारखा स्वतःचं नाव सांगतो. माझं नाव अमुक, मी अमक्या गल्लीचा, माझ्यासारखा कोणी नाही. पुन्हा नाव. आत्मस्तुती नुसती!"

आनंदराव उडालेच. "छाप हाय ती, सर!"

"म्हणजे?"

"शाहीर नाही का शेवटल्या कडव्यात आपलं नाव घालत? अमका म्हने, तमका म्हने. याले छाप म्हनतेत. म्हनजे आपल्याले ठाऊक पडते, हे कोनाचं हाय ते. या बिचाऱ्याले भेव वाटत असन, आपलं नाव कोनी चोरन म्हनून. त्यानं सगळीकडंच घालून ठेवलं!"

केशवराव सरांनी वहीत "छाप" असं लिहून घेतलं. नंतर सर स्वतःच विचारायचे, "काय आनंदराव, नवीन काही आलं का?"

नवीन येत होतं. गुलाब दर उन्हाळ्यात दोन-चार कॅसेटी आणायचा. कधी एखादा खलाशी मित्र मुंबईहून पार्सल टाकायचा. चौऱ्याऐंशीच्या कॅसेटमध्ये ठेका जड झाला होता, आवाजात धार आली होती. त्यातल्या एका कॅसेटने आनंदरावांना फार घोर लावला. बोल चालू असताना मध्येच आवाज यायचा, खिर्र, खिर्र-खिर्र. त्यांना वाटलं, टेपच्या मुंडीला, म्हणजे हेडला, घाण लागली. त्यांनी कापसाने पुसली. खिर्र गेलं नाही. मग लाखनीला हायवेवर श्यामराव रेडिओवाल्याच्या दुकानात टेप नेला. श्यामरावांनी सगळे स्क्रू काढले, पट्टा बदलला, स्पिरिट लावलं. कॅसेट लावली. खिर्र, खिर्र-खिर्र.

"कॅसेट खराब हाय," श्यामराव म्हणाले.

आनंदराव टेपला कान लावून होते. मग त्यांनी हळूच बोट उचललं. "श्यामराव, खराबी अशी ठेक्यावर येते काय? पाहा बरं. दोनदा लहान, एकदा मोठी. पुन्हा दोनदा लहान. ही खराबी नाही. हे मुद्दाम करून रायले ते."

पुढच्या उन्हाळ्यात गुलाबने त्याचा उलगडा केला. तिकडे फिरणारी रेकॉर्ड हाताने धरून मागे-पुढे घासतात, आणि तोच आवाज वाद्यासारखा वाजवतात. आनंदराव इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी लाखनीला जाऊन त्यांनी श्यामरावांना ही बातमी दिली. श्यामरावांनी मात्र विश्वास ठेवला नाही. चांगली रेकॉर्ड कोण कशाला घासेल?

पंच्याऐंशीच्या जुलैमध्ये आनंदरावांची ड्यूटी एकोडीच्या फेरीवर लागली. रोवण्याचे दिवस होते. गाडीत चिखलाचे पाय, ओली लुगडी, धानाच्या रोपांचा वास. एका दुपारी साकोलीच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. साठी उलटलेली, काटक, डोक्यावर गाठोडं. दोघांच्या सीटवर एक गृहस्थ छत्री आडवी टाकून ऐसपैस बसला होता. म्हातारी कडेला टेकली तसा तो म्हणाला, "बुढे, सरक तिकडं."

म्हातारीने गाठोडं मांडीवर घेतलं, आणि त्याच्याकडे न पाहता, खिडकीबाहेर बघत बोलली:

"सरक म्हनते बाप्पा मले, सरकू तरी कोठं?
मांगं तुयी छत्री टोचे, पुढं तुयं पोटं!
मोटार हाय सरकारची, सीट हाय दोघाची,
एकट्यानंच बसाचं त बंडी जुंप बापाची!"

गाडीत हशा पिकला. गृहस्थाने छत्री पायांत घेतली. पण आनंदरावांना हसू आलं नाही. तिकिटाची पेटी हातात घेऊन ते उभेच राहिले. हे बोल आत्ता, या क्षणी, या सीटवर तयार झाले होते. आणि ठेका? ठेका त्यांनी कुठेतरी ऐकला होता.

म्हातारी एकोडीला उतरल्यावर त्यांनी भय्याजींना विचारलं. भय्याजी म्हणाले, "ते? ते गोमाजीची रुखमा. झडतीवाला गोमाजी नव्हता का?"

तेव्हा आनंदरावांना आठवलं. पोळ्याला गावोगाव बैलांच्या तोरणाखाली झडती म्हणतात. एक जण उभा राहून यमकांची सरबत्ती लावतो, कधी बैलांचं कौतुक, कधी सावकाराची टिंगल, कधी पाटलाची. शेवटी सगळा जमाव महादेवाच्या नावाचा गजर करतो, आणि मग दुसऱ्या बाजूचा माणूस जबाब द्यायला पुढे येतो. आनंदरावांचे मामा एकोडीजवळच राहत. लहानपणी मामाच्या वस्तीतली पोरं, त्यांत आनंदरावही, पोळ्याला एकोडीत जायची आणि तोरणापासून लांब, चिंचेखाली उभी राहायची. त्यांनी जवळ जायचं नसे. तिथून दिसायचं काही नाही, नुसतं ऐकू यायचं. तो आवाज गोमाजीचा होता. आज कळलं, आपण पहिला हिपाप कोणत्या झाडाखाली ऐकला ते.

दुसऱ्या आठवड्यात रुखमाबाई गाडीत दिसली तशी ते जवळ जाऊन म्हणाले, "मावशी, गोमाजीच्या झडत्या येतेत काय तुमाले?"

"येतेत थोड्या."

"एखांदी म्हना ना."

तिने आजूबाजूला पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली:

"हापशी बसली दारात, गावाले झाला हरीक,
पानी येते थेंबभर, आवाज करते बारीक.
पुढाऱ्यानं नारळ फोडला, हार पडला गळ्यात,
बाया आपल्या घागरी घेऊन अजून उभ्या तळ्यात!"

"वा! काय मारली!" आनंदरावांनी पेटीवरच थाप मारली. मग थांबले. "मावशी, गोमाजी कवा वारले?"

"झाले की अकरा वर्सं."

"आन तुमच्या दारात हापशी कवा बसली?"

रुखमाबाई गाठोड्याची गाठ घट्ट करायला लागली.

"मांगल्या वर्सी बसली," मागच्या सीटवरून कोणीतरी सांगितलं.

"मंग हे झडती कोनाची, मावशी?"

म्हातारीने पदर पुढे ओढला, तोंड खिडकीकडे फिरवलं, ते एकोडी येईपर्यंत तसंच. त्यानंतर तीन आठवडे ती आनंदरावांच्या गाडीत चढलीच नाही. ड्यूटीचा वार बघून पायी जायची म्हणे.

आनंदरावांना फार लागलं. घरी मंगलाबाईंना म्हणाले, "म्या चोरी पकडल्यावानी इचारलं तिले." मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या, "चोरी नाही पकडली. तिचं पेटारं उघडलं, तेही भर मोटारीत. बाईमानसाले भेव वाटनच. जा, माफी माग."

गेले. सुट्टीच्या दिवशी सायकलने एकोडीला, रुखमाबाईच्या दारात. सोबत टेप होता, कारण टेपशिवाय ते आताशा कुठे जात नसत. ती धान पाखडत होती. मुलगा कृष्णराव शेतावर होता.

"माफ करा मावशी," आनंदराव अंगणातूनच म्हणाले. "म्या कोनाले नाही सांगितलं, आन सांगनारबी नाही."

तिने सूप खाली ठेवलं. मग बोलायला लागली, आणि अकरा वर्षांचं पाणी बांध फुटून यावं तशी बोलली. झडत्या सगळ्या तिच्याच होत्या. लग्न होऊन आली तेव्हापासून. रोवणा करता करता सुचायच्या. वाकलेल्या पाठीने ओळ जुळवायची, रोप चिखलात खोचायचं, पुढची ओळ. पोळा जवळ आला की गोठ्यात बसून ती गोमाजीकडून पाठ करून घ्यायची. "त्याले एक ओळ धड ध्यानात राहे नाही," ती हसून म्हणाली. "मी सुपावर बोटानं ठेका धरो, तवा कुठं येत होतं. आवाज मात्र असा, का बैलबी कान टवकारत. एका वर्सी मले म्हने, रुखमे, आज सांगून देतो तोरनाखाली, का हे तुयं हाय. म्या हात जोडले. बाईची झडती म्हटलं असतं त गाव हासलं असतं ना, जी? रडला तो त्या दिवशी. म्हने, लोकं मले शाबासकी देतेत आन मले घास गिळत नाही."

"आन आता?"

"आता काय? तो गेला. झडत्या येतेतच. मी काय करू? बैलाले सांगतो."

आनंदरावांनी टेपकडे हात नेला, तशी ती झटकन म्हणाली, "नाही. माया आवाज त्याच्यात नाही भराचा. बाईनं झडती म्हनू नाही."

त्यांनी आग्रह धरला नाही. पण येणंही सोडलं नाही. महिन्यातून एकदा सायकल एकोडीच्या वाटेला लागायची. ते तिला कॅसेटी ऐकवायचे, ती त्यांना झडत्या. एकदा बाहेर ओट्यावर बसले असताना शेजारची शेळी सारखी ओरडत होती, काही ऐकू येईना. रुखमाबाई म्हणाली, "अंदर ये." आनंदराव उंबऱ्याशी थबकले. या आळीत त्यांच्या वस्तीतल्या माणसाला आत बोलावल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तिला ते कळलं. "तू कोन्या वस्तीतला हायेस ते मले पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. मी साठ वर्सं ते पाहून पाहून थकलो. ये, बस. मले ते खिर्र-खिर्र आयकाचं हाय."

विदर्भातल्या बायका "थकलो", "आलो" असंच म्हणतात, पण त्या दिवशी आनंदरावांना त्या एका शब्दात घरच्या माणसाचा आवाज ऐकू आला. ते आत जाऊन बसले. तिने घरातल्याच पितळी पेल्यात पाणी दिलं.

शहाऐंशीच्या मे महिन्यात गुलाबने आणलेल्या कॅसेटमध्ये एक बाई होती. आनंदरावांनी ती घरी एकदाच ऐकली, आणि तडक केशवराव सरांकडे, आणि तिथून दुसऱ्या दिवशी एकोडीला.

"मावशी, आयका."

ठेका आला. मग तो आवाज. कोवळा, पण तिखट. जीभ अशी चालत होती, जशी चाकूने भेंडी चिरावी. तांदूळ निवडता निवडता रुखमाबाईचे हात थांबले.

"हे बाई हाय?"

"बाई हाय. पोरगीच म्हना ना."

"काय म्हनून रायली?"

"सगळं नाही समजत. सर म्हनत होते, का कोन्या पोट्ट्यानं बायकाच्या जातीले नावं ठेवली, आन हे त्याले जबाब देऊन रायली."

"सगळ्याच्या पुढं?"

"सगळ्या दुनियेच्या पुढं, मावशी. मी एकोडीत आयकून रायलो ना!"

तिने ती तीन वेळा ऐकली. चौथ्यांदा लावायला आनंदरावांनी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांब. भर माया आवाज."

आनंदरावांनी कोरी कॅसेट घातली. रुखमाबाईने रिकामं सूप मांडीवर घेतलं, दोन बोटांनी ठेका धरला, घसा साफ केला, आणि त्या दूरदेशीच्या पोरीशी बोलायला लागली:

"सात समुद्राच्या पल्याड, कोनाची तू लेक?
तुये बोल मले न कळे, पन ठेका आपला एक.
तू बोलतेस भर चौकात, मी बोलतो बांधीत,
चिखलात रोवले बोल माये चाळीस वर्सं सांदीत.
नवऱ्याच्या तोंडून बोललो मी, गाजून उठलं गाव,
आता आयका गाववाले हो, रुखमा मायं नाव!"

आनंदरावांना टेप बंद करायचं सुचलंच नाही. त्या कॅसेटमध्ये पुढे बराच वेळ शेळीचा आवाज आहे, आणि कोणीतरी नाक शिंकरल्याचा.

त्या उन्हाळ्यात तिच्या तेवीस झडत्या भरून झाल्या. सेल उतरले की आवाज जाड आणि संथ व्हायचा. मग सेल काढून उन्हात ठेवायचे आणि तोवर चहा. आठव्या-नवव्या झडतीला कृष्णराव शेतातून लवकर परतला आणि दारातच उभा राहिला. टेपमधून त्याच्या वडिलांची सर्वांत गाजलेली झडती येत होती, आईच्या आवाजात, आणि वडिलांनी कायम गाळलेल्या दोन ओळींसकट. कृष्णराव तसा अबोल माणूस. तो खाली बसला, आणि म्हणाला, "माय, मले काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तू इचारलं कवा?"

पोळ्याच्या दिवशी, गोमाजी गेल्यानंतर बारा वर्षांनी, कृष्णराव वडिलांच्या जागी तोरणाखाली उभा राहिला. हापशीची झडती सुरू केली. दोन ओळी झाल्या आणि तिसरीला बापासारखाच अडला. जमाव कुजबुजायला लागला. तेव्हा बैलांना ओवाळायला आलेल्या बायकांतून एक आवाज आला. रुखमाबाईने तिसरी ओळ सांगितली. कृष्णराव म्हणाला, "हे झडती मायी नाही. बाबाजी म्हने त्याबी बाबाजीच्या नव्हत्या. सगळ्या मह्या मायच्या हायेत. आता तेच म्हनन." आणि तो बाजूला झाला. ती आरतीचं ताट हातात घेऊनच पुढे आली आणि एकामागून एक पाच झडत्या म्हणाली. मग म्हणे असा गजर झाला की बैल बिथरले.

म्हणे, कारण आनंदरावांनी हे पाहिलं नाही. पोळ्याला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. ते लाखांदूरच्या गाडीवर होते. दुसऱ्या दिवशी एकोडीच्या फेरीला प्रवासी चढले आणि ज्याने त्याने आपापल्या परीने सांगायला सुरुवात केली. आनंदरावांचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना पायपीट केलेला हा माणूस नेमका या एका कार्यक्रमाला नव्हता.

एकोडीच्या थांब्यावर रुखमाबाई उभी होती. त्यांचं तोंड पाहून म्हणाली, "असा काहून दिसतेस? तुया टेपात हाय ना सगळं."

"तो टेप हाय, मावशी," आनंदराव म्हणाले. "म्या तुमाले उभं राहून म्हनताना कवाच नाही पाहिलं."

रुखमाबाईने गाडीत चढून गाठोडं एका बाईच्या मांडीवर दिलं. दोन सीटांच्या मधल्या वाटेत पाय रोवून उभी राहिली, आणि वरचा दांडा धरला. "भय्याजी," ती म्हणाली, "मोटार बंद कर."

भय्याजींनी इंजिन बंद केलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्रवाशाच्या सांगण्यावरून इंजिन बंद केलं ते तेवढंच. गाडीत शांतता झाली. आनंदरावांनी तिकीट पंच करायचा चिमटा हातात घेतला आणि ठेका द्यायला लागले. टिक, टिक-टिक. टिक, टिक-टिक. आणि रुखमाबाई बोलायला लागली. पाचही झडत्या झाल्या. शेवटच्या झडतीत तिने एक नवी ओळ घातली, त्या गाडीपुरती, कंडक्टरच्या नावाची. लोकांनी टाळ्या पिटल्या. आनंदराव सीटच्या दांड्याला टेकून लहान मुलासारखे हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते. गाडी साकोलीला अकरा मिनिटं उशिरा पोचली. कारण विचारलं तेव्हा भय्याजी म्हणाले, "रस्त्यात बैल होते."

गुलाबने तिच्या कॅसेटची एक नक्कल जहाजावर नेली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने सांगितलं, बंदरातल्या त्याच्या ओळखीच्या पोराने ती खांद्यावरच्या टेपवर लावली होती, मान डोलावत दोनदा ऐकली, आणि विचारलं होतं की ही बाई कोणत्या गल्लीची. गुलाबने सांगितलं, एकोडीची. पोरगा म्हणाला, हे नाव ऐकलं नाही, पण असेल कुठेतरी.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं रुखमाबाईची फर्माईश आनंदरावांपेक्षा जास्त होती. गाडीत चढता चढता पहिला प्रश्न, "नवीन काय आलं?" तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती कॅसेटींना खुणा करायची. जुन्या बोलणाऱ्यांना हळदीचं बोट, नव्यांना कुंकवाचं, आणि बायकांच्या कॅसेटींना निळा दोरा. जुने तिला जास्त आवडायचे. "ते हासत हासत मारतेत," ती म्हणायची. "हे नवे नुसते दात खातेत." आनंदराव नव्यांची बाजू घ्यायचे. यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि कृष्णराव उठून गोठ्यात जायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी बांधून ती बाजेवर पडून होती. आनंदराव सुट्टी काढून नवी कॅसेट घेऊन आले. मंगलाबाईंनी मूगवड्या दिल्या होत्या. त्या उशाशी ठेवल्या. कॅसेट लावली तसा भोंग्यांचा, गोंगाटाचा आवाज झाला आणि त्यातून एक माणूस ओरडून बोलायला लागला. आनंदरावांना ती फार आवडली होती, पण आजारी माणसाला त्रास होईल म्हणून त्यांनी आवाज कमी केला.

"वाढव," रुखमाबाई म्हणाली.

त्यांनी वाढवला. ती पट्टीआडून ऐकत राहिली. ओठ हलत होते, बोटं पांघरुणावर ठेका धरत होती. संपल्यावर बोटं थांबली.

"नाही आवडलं ना?" आनंदराव म्हणाले. "दात खाते."

"दात नाही खात," ती म्हणाली. "कोनी आयकून नाही रायलं, म्हनून वरडते. जवळ बसून आयकलं का गोड हाय." तिने हात पुढे करून चाचपत त्यांचं मनगट धरलं. "मांगं घे. सुरुवातीपासून लाव."

टेपचं मागे घ्यायचं बटण बिघडलेलं होतं. आनंदरावांनी कॅसेट काढली, खिशातली पेन्सिल तिच्या दातेरी चाकात घातली आणि गरगर फिरवायला लागले.